दुरुस्तीच्या नावाखाली ब्राउझरवर ताबा

२००९ च्या सुरुवातीला विंडोजवर फायरफॉक्स वापरणाऱ्या पुष्कळ लोकांना आपल्या ब्राउझरमध्ये एक अनोळखी नाव दिसू लागलं. ॲड-ऑनच्या (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या, म्हणजेच एक्स्टेन्शनच्या) यादीत, स्वतः निवडून बसवलेल्या चार-दोन गोष्टींच्या शेजारी ‘मायक्रोसॉफ्ट डॉट नेट फ्रेमवर्क असिस्टंट’ येऊन बसलं होतं. फायरफॉक्स मोझिला या संस्थेचा. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ब्राउझर वेगळा, इंटरनेट एक्सप्लोरर, आणि बाजारात दोघांची उघड स्पर्धा. हे ॲड-ऑन वापरणाऱ्याने मागितलं नव्हतं आणि मोझिलानेही दिलं नव्हतं. विंडोज अपडेटमधून डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ (प्रोग्राम बनवायला आणि चालवायला लागणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) याचा सर्व्हिस पॅक १, म्हणजे दुरुस्त्यांचा एकत्रित संच, आला, आणि त्याच्यासोबत ते परस्पर दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये शिरलं.

त्याचं काम काय, तर वेबपानावरच्या एका क्लिकने डॉट नेटवर बनवलेला प्रोग्राम संगणकावर सुरू करता यावा. शिवाय आपल्या संगणकावर डॉट नेटची कोणती आवृत्ती आहे, ही माहिती ते आपण उघडू त्या प्रत्येक वेबसाइटला कळवत असे. बहुतेकांना या दोन्हींची गरज नव्हती.

नको म्हणून काढायला जावं तर ‘अनइन्स्टॉल’चं बटण राखाडी. बंद करून ठेवायची सोय होती, काढून टाकायची नव्हती. काढायचंच असेल तर रेजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) बदलणारा रेजिस्ट्री एडिटर उघडायचा, लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मोझिला, फायरफॉक्स, एक्स्टेन्शन्स अशा पायऱ्या उतरत जायचं, तिथे महिरपी कंसातला आकड्या-अक्षरांचा लांबलचक क्रमांक शोधून खोडायचा. मग फायरफॉक्सच्या अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंगच्या पानावर जाऊन वेबसाइटना माहिती देणारी नोंद पुसायची. शेवटी डॉट नेटच्या फोल्डरमध्ये शिरून ॲड-ऑनचं फोल्डर डिलीट करायचं. रेजिस्ट्रीत भलतीच ओळ खोडली गेली तर विंडोजच बिघडू शकतं, त्यामुळे जाणकार माणूसही तिथे हात आखडूनच वावरतो. आणि इथे कोट्यवधी घरगुती वापरकर्त्यांना न मागितलेली एक वस्तू काढण्यासाठी तिथे उतरायला लावलं होतं.

मायक्रोसॉफ्टचं स्पष्टीकरण असं होतं की, ॲड-ऑन संपूर्ण संगणकासाठी बसवलं आहे, त्या संगणकावरच्या सगळ्यांना ते वापरता यावं म्हणून; म्हणून एकट्याला ते काढता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे खरं असेल. पण संपूर्ण संगणकासाठी बसवताना त्या संगणकाच्या मालकाला विचारलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. ओरड झाल्यावर काही महिन्यांनी काढून टाकण्याची सोय देणारं आणखी एक अपडेट आलं. म्हणजे ती सोय पहिल्या दिवसापासून देता आली असती.

गोष्ट इथे संपली असती तर एक गैरसोय म्हणून सोडून दिली असती. ऑक्टोबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक सुरक्षा सूचना काढली. त्यातून कळलं की इंटरनेट एक्सप्लोररमधली एक गंभीर त्रुटी फायरफॉक्स वापरणाऱ्यांनाही भोवू शकते, कारण त्याच डॉट नेटच्या गाठोड्यातून ‘विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन’ नावाचा एक प्लग-इनही (ब्राउझरला जोडलेला आणखी एक पूरक प्रोग्राम) फायरफॉक्समध्ये उतरला होता. नुसतं एखादं पान उघडलं तरी घात होऊ शकत होता. अखेर मोझिलाने आपल्याकडून ते ॲड-ऑन आणि तो प्लग-इन दोन्ही सगळीकडे रोखले; त्यातलं ॲड-ऑन धोक्याचं नाही हे स्पष्ट झाल्यावर त्याच्यावरची बंदी दोन-तीन दिवसांत उठवली. पण मूळ मुद्दा राहिलाच. मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधल्या भानगडी टाळण्यासाठी ज्यांनी मुद्दाम दुसरा ब्राउझर निवडला, त्यांच्या घरात त्याच भानगडी अपडेटने आणून सोडल्या.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो या घटनेचा काळ. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक धोकादायक त्रुटी बुजवणारं तातडीचं अपडेट काढलं होतं. पुढच्याच महिन्यात कॉन्फिकर नावाचा किडा (संगणकातून संगणकात आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) त्याच त्रुटीतून पसरू लागला. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं असे लाखो संगणक त्याने गिळले. फेब्रुवारी २००९ मध्ये तो पसरवणाऱ्याला पकडून देण्यासाठी मायक्रोसॉफ्टने अडीच लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. म्हणजे ‘अपडेट घ्या, बाबांनो’ असं जगाला कळवळून सांगण्याची वेळ होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत त्याच विंडोज अपडेटने लोकांच्या ब्राउझरमध्ये न काढता येणारी वस्तू ठेवली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ज्याने तेव्हा वैतागून ऑटोमॅटिक अपडेट बंद केलं असेल, त्याला मी दोष देऊ शकत नाही. त्याचा संगणक मात्र त्या दिवसापासून उघडा पडला.

माझं म्हणणं एवढंच आहे: दुरुस्ती आणि विक्री एकाच रस्त्याने येऊ नयेत. सुरक्षेच्या अपडेटला दिलेला होकार हा फक्त सुरक्षेला दिलेला होकार असतो. त्याच्या आडून नवा प्रोग्राम, नवं एक्स्टेन्शन, बदललेला डिफॉल्ट ब्राउझर (लिंक आपोआप ज्यात उघडतात तो), बदललेलं सर्च इंजिन पाठवणं हा विश्वासघात आहे. आणि त्याची किंमत वैतागलेल्या एका माणसापुरती राहत नाही, सगळ्यांच्या सुरक्षिततेतून वसूल होते. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने जाताना हॉलमध्ये आपल्या दुकानाचं कपाट ठोकून गेलं, तर पुढच्या वेळी नळ कितीही गळला तरी आपण त्याला बोलावताना दहादा विचार करू.

हा रोग एकट्या मायक्रोसॉफ्टचा नाही. मार्च २००८ मध्ये ॲपलने आयट्यून्स आणि क्विकटाइमच्या अपडेटसाठी असलेल्या खिडकीतून विंडोजवाल्यांना सफारी ब्राउझर द्यायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे सफारी कधी नव्हताच, त्यांच्यापुढेही तो ‘अपडेट’ म्हणून, चौकटीत आधीच टिक केलेला येत होता. मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख जॉन लिली यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. अशाने अपडेटवरचा विश्वास उडतो आणि नुकसान एकट्या ॲपलचं न होता संपूर्ण वेबच्या सुरक्षिततेचं होतं, असा त्यांचा मुद्दा होता. महिन्याभरात ॲपलने त्या खिडकीत अपडेट आणि नवं सॉफ्टवेअर असे दोन वेगळे भाग केले. पुढे जानेवारी २०१७ मध्ये पीडीएफ वाचणाऱ्या ॲक्रोबॅट रीडरच्या सुरक्षा अपडेटसोबत ॲडोबीने गूगलच्या क्रोम ब्राउझरसाठी एक एक्स्टेन्शन गुपचूप पाठवलं. थोड्याच दिवसांत त्या एक्स्टेन्शनमध्येच सुरक्षेची त्रुटी सापडली.

आणि मोझिला? ज्या संस्थेने हा धडा जगाला दिला, तिच्याकडूनही तेच घडलं. डिसेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स वापरणाऱ्या अनेकांच्या यादीत ‘लुकिंग ग्लास’ नावाचं एक्स्टेन्शन उगवलं. खाली काही धड खुलासा नाही, फक्त एक गूढ वाक्य. लोकांना वाटलं, व्हायरस शिरला. चौकशीअंती कळलं की ती एका अमेरिकी टीव्ही मालिकेच्या प्रसिद्धीची करामत होती, आणि ती ‘स्टडीज’ नावाच्या सोयीतून पाठवली गेली होती. नव्या गोष्टी थोड्या लोकांवर तपासून बघण्यासाठी फायरफॉक्समध्ये ही सोय ठेवलेली असते. टीका झाली, मोझिलाने एक्स्टेन्शन मागे घेतलं, चूक मान्य केली. पण तोवर ‘स्टडीज बंद करून टाका’ हा सल्ला सगळीकडे फिरला होता.

दीड वर्षाने, मे २०१९ मध्ये, ॲड-ऑन्स खरी असल्याची खात्री देणाऱ्या मोझिलाच्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन्स एका रात्रीत बंद पडली. जाहिराती अडवणारी, पासवर्ड सांभाळणारी, टॉर ब्राउझरमध्ये वापरणाऱ्याची ओळख लपवायला मदत करणारी, सगळी. दुरुस्ती तातडीने पोहोचवायची होती आणि सर्वांत जलद मार्ग होता तोच, स्टडीजचा. ज्यांनी तो बंद केला होता त्यांना सांगावं लागलं की आधी तो सुरू करा, मगच दुरुस्ती मिळेल. नाहीतर नव्या आवृत्तीची वाट पाहा. मोझिलाचा मोठेपणा असा की, या निमित्ताने स्टडीज सुरू केल्यामुळे त्या दिवसांत जमा झालेली वापराची माहिती त्यांनी पुसून टाकायचं ठरवलं. हे प्रकरण मी नेहमी उदाहरणादाखल सांगतो, कारण इथे कारण आणि परिणाम इतके उघड दिसतात. एका मालिकेच्या जाहिरातीसाठी रस्ता वापरला, आणि खऱ्या संकटात तोच रस्ता अनेकांच्या दारापर्यंत पोहोचला नाही.

गेल्या काही वर्षांतल्या घटना बघितल्या तर कंपन्या यातून काही शिकल्या असं दिसत नाही. जून २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा एज ब्राउझर विंडोज अपडेटमधून आला आणि रीस्टार्टनंतर संपूर्ण पडदा व्यापून उभा राहिला; नेहमीसारखं कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून तो बंद करता येत नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर काही संगणकांवर क्रोम उघडला की दर वेळी डिफॉल्ट ॲप्सचं सेटिंगचं पान आपोआप समोर यायचं. क्रोमने स्वतःला डिफॉल्ट करण्यासाठी दिलेलं एका क्लिकचं बटणही निकामी झालं आणि गूगलला ते काढून घ्यावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये बातम्या आल्या की अपडेटनंतर सुरू झालेल्या एजमध्ये लोकांना आपल्या क्रोममधले उघडे टॅब जसेच्या तसे दिसत आहेत, परवानगी दिल्याचं आठवत नसताना. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने एक दुरुस्ती काढली. त्यासोबतच्या टिपणात लिहिलं होतं की ही सोय संमतीनेच चालते, मात्र तिची स्थिती वेगवेगळ्या उपकरणांवर नीट दिसत नसावी. कुणाच्या ब्राउझरमधले उघडे टॅब म्हणजे त्याचं आजारपण, त्याचं कर्ज, त्याची नोकरीची शोधाशोध. त्याबद्दल इतक्या अलिप्त भाषेत बोलता येतं, याचा मला राग येतो.

आता दुसरी बाजू. सुरक्षेच्या क्षेत्रातली माणसं कळकळीने सांगतात की लोकांवर सोडलं तर ते अपडेट घेतच नाहीत, म्हणून ते आपोआप यायला हवं. त्यांचं बरोबर आहे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या प्रोग्रामचा हल्ला १२ मे २०१७ ला झाला. ती त्रुटी बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलेलं होतं. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्यात ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांचे संगणक होते, आणि तिथे ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मीही सगळ्यांना हेच सांगतो: ब्राउझरचं आणि विंडोजचं अपडेट बंद करू नका. पण हाच युक्तिवाद मला उलट दिशेने नेतो. अपडेट इतकं महत्त्वाचं असेल, तर ते निर्मळ ठेवण्याची जबाबदारीही तितकीच मोठी. औषधाच्या बाटलीत दुसरं काही मिसळायचं नाही हा नियम आपण औषध महत्त्वाचं आहे म्हणूनच करतो.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा असतो: नवं काय आणि दुरुस्ती काय हे कोडमध्ये वेगळं काढणं अवघड आणि खर्चिक आहे. अवघड आहे, अशक्य नाही. फायरफॉक्सचीच ‘ईएसआर’ नावाची आवृत्ती बघा. ती साधारण वर्षभर नव्या सोयी न घेता फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या घेत राहते. ती कुणासाठी? कंपन्या, विद्यापीठं, सरकारी कार्यालयांसाठी. नवा एज विंडोज अपडेटमधून येऊ लागला तेव्हा मायक्रोसॉफ्टनेही तो अडवण्याचं साधन दिलं होतं, संस्थांच्या संगणक विभागांसाठी. विंडोज १० च्या होम आवृत्तीत मात्र २०१५ पासून पुढची काही वर्षं अपडेट नुसतं पुढे ढकलण्याचीही नीट सोय नव्हती. ती २०१९ मध्ये मिळाली. म्हणजे दुरुस्ती आणि नवा माल वेगळा करता येतो, विचारताही येतं. ज्याच्याकडे हजार संगणक आहेत त्याला विचारलं जातं, ज्याच्याकडे एक आहे त्याला नाही. हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही, कुणाची पत्रास ठेवायची याचा आहे.

याचा फटका आपल्याकडे कुठे बसतो ते बघायला लांब जायला नको. कुठल्याही तालुक्याच्या गावातलं महा ई-सेवा केंद्र घ्या. जून-जुलैत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांच्यासाठी दाराबाहेरपर्यंत रांग असते. केंद्र चालवणाऱ्याकडे एक-दोन संगणक. त्याचे लॉगिन, साठवलेले पासवर्ड, बुकमार्क, प्रिंटची सेटिंग, सगळं एका ठरलेल्या ब्राउझरमध्ये. डिजिटल सिग्नेचरचं टोकन कोणत्या ब्राउझरमध्ये नीट चालतं हे त्याने अनुभवातून शोधून काढलेलं असतं. सकाळी शटर उघडावं, संगणक ‘अपडेट सुरू आहे, बंद करू नका’ म्हणत अडून बसावा, आणि तो सुरू झाल्यावर लिंक भलत्याच ब्राउझरमध्ये उघडाव्यात. समोर मुदत संपत आलेला ॲडमिशनचा फॉर्म घेऊन मुलगी आणि तिचे वडील उभे. त्या गोंधळात गेलेला अर्धा तास कोणत्याही कंपनीच्या हिशेबात धरला जात नाही. वडिलांची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडते.

घरच्या ज्येष्ठ मंडळींचं त्याहून बिकट. सायबर फसवणुकीपासून जपा म्हणून आपण त्यांना बजावून ठेवतो: अनोळखी स्क्रीन आली तर काही दाबू नका, ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, ताबडतोब अपडेट करा’ अशा पानांना भुलू नका. अशी खोटी पानं खरोखरच असतात आणि त्यांच्यामार्फत मालवेअर पसरवलं जातं. आणि मग एके सकाळी खरीखुरी कंपनी तशीच संपूर्ण पडदा व्यापणारी स्क्रीन आणते, तशीच घाई करते, ‘सुचवलेली सेटिंग स्वीकारा’चं बटण ठळक निळं आणि ‘नको’ हे बारीक फिकट अक्षरात ठेवते. यातला चोर कोणता आणि साव कोणता, हे सत्तरीतल्या माणसाने कशावरून ओळखायचं? प्रामाणिक कंपनीने लुटारूंची तऱ्हा उचलली की लुटारूंचं काम सोपं होतं.

युरोपने यात कायद्याचा हात वापरून पाहिला, आणि तो अनुभव मोलाचा आहे. २०१० पासून मायक्रोसॉफ्टला तिथे विंडोज वापरणाऱ्यांपुढे ब्राउझर निवडण्याचा पडदा ठेवावा लागत होता. पण विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये तो पडदा गायबच झाला. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात दीड कोटी लोकांना तो दिसला नाही. कंपनीने तांत्रिक चूक म्हणून कबुली दिली. युरोपीय आयोगाने मार्च २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरोचा दंड ठोठावला. अपडेट काय काय आणू शकतं हे आपण बोलतो, पण ते काय काय काढून घेऊ शकतं हे या प्रकरणात दिसलं. म्हणूनच नियम केला की काम झालं असं होत नाही, प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर तो तपासणारी यंत्रणाही लागते.

मार्च २०२४ पासून युरोपच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे (मोठ्या टेक कंपन्यांना लगाम घालणाऱ्या कायद्यामुळे) तिथल्या विंडोजमधून एज काढून टाकता येतो. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की युरोपात, एज थेट उघडला नाही तोवर, तो स्वतःहून ‘मला डिफॉल्ट करा’ म्हणून मागे लागणार नाही. विंडोज तेच, कंपनी तीच. पॅरिसमधल्या माणसाला जो अधिकार मिळाला तो पुण्यातल्या माणसाला नाही, कारण त्याच्या सरकारने तो मागितला आणि आपल्या सरकारने अजून मागितला नाही.

मागायला आपल्याकडे काहीच आधार नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न्स’विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून निवड करायला लावणाऱ्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार सांगितले आहेत. त्यात वापरणाऱ्याच्या सतत मागे लागणं, एखादी कृती करायला भाग पाडणं आणि पडद्याची रचनाच फसवी ठेवणं हे तिन्ही आहेत. ही तत्त्वं वाचताना डोळ्यांसमोर खरेदीची ॲप्स आणि तिकिटांच्या वेबसाइट येतात, आणि चर्चाही तेवढ्यावरच थांबते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अपडेटलाही ती लावून बघायला हवीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडवर आपली ॲप्स आधीच बसवून देण्यासारख्या वागण्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केलाच होता. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम आणि वेब ब्राउझर या दोन्ही सेवा नावानिशी आहेत, आणि डिफॉल्ट निवडण्याचा, बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याला देणारं कलमही आहे. त्याचा अजून कायदा झालेला नाही.

तो होईल तेव्हा त्या कलमात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली जावी, असा माझा आग्रह आहे. वापरणाऱ्याने एकदा निवडलेला डिफॉल्ट अपडेटने बदलायचा नाही. सुरक्षेच्या अपडेटसोबत नवा प्रोग्राम किंवा एक्स्टेन्शन पाठवायचं नाही. आणि जे काही बसवलं जाईल ते बसवण्याइतक्याच सहजपणे काढता आलं पाहिजे. शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राखाडी बटणाला कायद्यात जागा असू नये.

राज्याच्या हातातही काही आहे. महाराष्ट्र शासन शाळा, तहसील, पोलीस ठाणी यांच्यासाठी संगणक खरेदी करतं. त्या निविदांमध्ये ही अट घालायला दिल्लीच्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो मुला-माणसांनी संगणक शिकला, अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी तो किंवा त्याच्या तोडीचा अभ्यासक्रम लागतो. त्यात वर्ड आणि एक्सेलसोबत एक तास याचाही असावा: अपडेटनंतर डिफॉल्ट ब्राउझर कुठे तपासायचा, एक्स्टेन्शनची यादी कशी बघायची, न मागितलेलं कसं काढायचं, आणि हे सगळं करताना सुरक्षेचं अपडेट मात्र चालू कसं ठेवायचं.

कायदा येईपर्यंत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. अपडेटनंतर ब्राउझर बदललेला दिसला तर आधी स्क्रीनशॉट घ्या, विंडोजच्या अपडेट हिस्टरीतून त्या अपडेटचं नाव आणि तारीख टिपून ठेवा, आणि ‘नको’चा पर्याय दिसला होता का, कसा दिसला होता, ते लिहा. २००९ मध्ये ते राखाडी बटण बदललं ते लोकांनी असंच लिहून, दाखवून, पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे.